दारावरचे तीन ठिपके

व्याहीबुवा, तुमच्या गाडीच्या दारावरचं नाव मी चिंचेनं घासून काढलं. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी. हे तुम्हाला माहीत आहे, सुमनताईंना माहीत आहे, इथे बहारीनमध्ये, उम्म अल हस्समच्या तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलाही माहीत आहे. तरी सुरुवात इथूनच करते, कारण तुमच्यामाझ्यात जे काही झालं ते त्या चिंचेपासून सुरू झालं. (हे वाक्य मंडळातल्या बायकांच्या हाती लागलं तर त्यांची दिवाळी होईल. पण हा कागद सध्या माझ्या कपाटातच राहणार आहे. का, ते पुढे येईलच.)

तो दसरा आठवतो ना? तुमची लेक, म्हणजे माझी सून, बाळंत झाली होती. बाळंतपण माहेरचं, म्हणजे तुमचं. मी ठाण्याहून आले होते ती केवळ देखरेख करायला. तेव्हाची मी म्हणजे काय विचारता! मुलाची आई हे पद मिळून फार दिवस झाले नव्हते आणि ते मी नव्या पैठणीसारखं सगळीकडे नेसून जात असे. डिंकाच्या लाडवात डिंक कमी, पाळण्याची दोरी सैल, बाळाच्या टाळूला तेल अपुरं. सुमनताई बिचाऱ्या ‘हो ताई’ म्हणायच्या आणि आपल्याला हवं तेच करायच्या.

दसऱ्याच्या सकाळी तुम्ही झेंडू आणायला मनामाच्या बाजारात गेलात. मी खाली पार्किंगमध्ये सहज गेले, तर कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी निजलेलं दिसलं. ताडपत्री उचलली. आत ना छप्पर, ना मडगार्ड, ना बॉनेट. इंजिन उघडंनागडं, दोनच माणसांची बैठक, चाकं बाहेर आलेली, रंग कुठे काळा कुठे गंजका. मला वाटलं, आज लोखंडाची पूजा आणि ह्या लोखंडाकडे कोणी बघत नाही! व्याह्यांचं घर कसलं हे! मी पदर खोचला.

डाव्या दारावर पिवळट रंगात काहीतरी अरबी लिहिलेलं होतं. उन्हानं आणि वाळूनं त्या रंगाचं अगदी खडू झालं होतं. मला वाटलं भंगारवाल्यानं खूण केली असेल. शेंडीचे चार हात मारले आणि गेलं की. त्या जागी मी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून तुमची वाट बघत उभी राहिले. शाबासकी मिळणार होती ना मला!

तुम्ही आलात. हातात झेंडूची पिशवी. दाराकडे बघितलंत. मी म्हटलं, “काय, ओळखू येतेय का?”

पिशवी हळूच खाली ठेवलीत. मग तुम्ही म्हणालात, “छान चकचकीत झाली की.”

बस. एवढंच. मिरजेचा माणूस, यार्डात जहाजांची इंजिनं खोलणारा, हाताखालच्या माणसांना अर्ध्या समुद्रापर्यंत ऐकू जाईल असा ओरडणारा. पण समोर जावयाची आई उभी होती. मुलीच्या बापानं तिला काय बोलायचं? तुम्ही राग गिळलात आणि हार घातलात गाडीला.

पुढे आठवड्यानं सुमनताईंनी मला स्वयंपाकघरात, भांडी पुसतापुसता सांगितलं. गाडी आणून दोनच दिवस झाले होते. आधीच्या मालकाची म्हणावी अशी तेवढी एकच निशाणी तिच्यावर होती. सुट्टी संपली की यार्डातल्या कोणा बहारीनी मित्राकडून वाचून घेणार होतात. “फोटो तरी काढा, म्हटलं मी,” सुमनताई म्हणाल्या, “तर म्हणतात, घाई कसली, दारावरच तर आहे.”

म्हणजे ते नाव नीट बघितलेलं जगात एकच माणूस उरलं होतं. आणि त्या बाईला अरबी वाचता येत नव्हतं.

तुम्ही कधीच ओरडला नाहीत हो. मला नेहमी वाटायचं, एकदा ओरडा आणि मोकळे व्हा. त्याऐवजी तुम्ही एक दिवस कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन आलात, माझ्यासमोर ठेवलंत आणि म्हणालात, “विहीणबाई, काय आठवतं ते काढा की.” आणि मला खरंच आठवलं. अक्षरं नाही, ठिपके. जन्मभर दारात ठिपक्यांची रांगोळी काढलेली बाई मी, ठिपके कसे विसरेन? तीन होते. एक सुरुवातीला, दोन शेवटी जोडीनं, सगळे वर. मधलं काय ते मात्र पार धुक्यात. तुम्ही तो कागद असा हातात धरलात जशी मी तुम्हाला किल्लीच दिली.

मी महिन्यासाठी आले होते. मग व्हिसा वाढला, मग इथेच नोकरी करणाऱ्या मुलानं कायमचंच ठेवून घेतलं. घरी कोण वाट बघत होतं माझी? आमचे हे तर मुलाच्या लग्नाआधीच गेले होते. आणि मग आपले शुक्रवार सुरू झाले.

सुमनताईंना तुम्ही पहिल्यांदा विचारलंत. त्या म्हणाल्या, “नको, मला नाही त्या पत्र्याचं वेड.” त्यानंतर आपण दोघांनीही त्यांना कधी विचारलं नाही. हे मला आता लिहिताना दिसतंय.

तुमच्या साध्या पांढऱ्या गाडीत पुढे आपण दोघं, मागे कारसीटमध्ये आपली सई, दोघांची मिळून एक नात. सित्र्याचा भंगारवाला पहिला. तो म्हणाला, बुदैयाच्या एका खजुराच्या बागेतून उचलली. मग बुदैया. बागेचा म्हातारा मालक आपल्याला बघून इतका खूश झाला की गाडीचं सोडून त्यानं तासभर आपल्या विहिरीच्या गोड पाण्याबद्दल सांगितलं. गाडीत त्याच्या कोंबड्या अंडी घालायच्या म्हणे. कोणाकडून घेतली? मुहर्रकचा एक माणूस होता, मग तो माणूस कुठे गेला, अल्लाला माहीत. तिथून पुढे वाट संपायची. आपण परत यायचो आणि पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या टोकानं सुरुवात करायचो. जुनी गॅरेजं, रेडिएटरवाले, पाट्या रंगवणारे. तुम्ही चेसिसचा नंबर लिहून अमेरिकेतल्या गाडीवेड्यांना मेल पाठवायचात. ते लिहायचे, मूळ गाडी फार जुन्या काळातली, छप्पर नसलेली दोन सीटची रोडस्टर. कोणीतरी तिचं इंजिन काढून ट्रकच्या ताकदीचं इंजिन घातलंय आणि वजन कमी करायला मडगार्ड-बॉनेट फेकून दिलंय. त्याला तिकडे हॉट रॉड म्हणतात. ‘कोणीतरी.’ त्या कोणीतरीसाठी तुमचा जीव जायचा.

“गाडी ज्यानं बांधली त्याची,” तुम्ही म्हणायचात.

“आणि जिनं धुतली तिची नाही का?” मी म्हणायचे.

“तुमचं नाव लावू का दारावर?”

“नको. ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ लिहा. मागे ‘हॉर्न प्लीज’.”

तुम्ही स्टीअरिंग सोडून हात जोडायचात आणि मी किंचाळायचे. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. मी म्हणे, तिला छान लाल रंग द्या, नवं नाव घाला, म्हातारपणी बाईनं नटू नये असं कुठे लिहिलंय? तुम्ही म्हणायचात, तिचं नाव मिळेपर्यंत दार कोरंच राहील. आपण त्याचा निकाल लावला नाही. लावला असता तर पुढच्या शुक्रवारी काय बोललो असतो?

एकदाच आपण त्या गाडीतून गेलो. तुम्ही इंजिन जुळवत आणलं होतं, कागदपत्रं झाली होती आणि एका हिवाळ्यात, उजाडता उजाडता, तुम्ही मला सखीरच्या रस्त्याला घेऊन गेलात. आदल्या दिवशी धूळ उडाली होती आणि ती अजून खाली बसायची होती. रस्ता दिसत होता तेवढाच होता. पुढे काही नाही, मागे काही नाही, मध्ये आपण दोन म्हातारी माणसं आणि पायाशी धडधडणारं ते जनावर. डोक्यावर छप्पर नाही म्हटल्यावर आभाळ अगदी मांडीत येऊन बसतं. माझ्या डोक्यावरचा स्कार्फ उडाला आणि तुम्ही थांबायला गेलात तर मी म्हटलं, यल्ला, चला, जाऊ दे तो. कुठून तरी ओल्या वाळूचा वास येत होता, विजेच्या खांबांवरचे दिवे विझायचे राहिले होते आणि ते धुळीतून असे दिसत होते जणू पाण्याखाली कोणी समया लावल्यात. बोललो असतो तरी त्या इंजिनात ऐकू आलं नसतं. अजूनही डोळा लागता लागता मी त्या रस्त्यावर असते, आणि तो रस्ता कुठेच जाऊन पोचत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आता जे सांगायचंय ते सांगते. इतका वेळ चिंचेमागे लपून बसले होते.

गेल्या हिवाळ्यात सखीरला रेसच्या ट्रॅकबाहेरच्या मैदानात जुन्या गाड्या मांडल्या होत्या. तुम्ही आपली नेलीत. दुपारी तुम्ही इथला दाट दुधाळ करक चहा आणायला गेलात, मी घडीच्या खुर्चीत बसले होते. काळ्या अबायातली एक म्हातारी नातवाचा हात सोडून गाडीपाशी आली. माझ्याहून थोरली असेल. तिनं कोऱ्या दारावर हात ठेवला, जसा आपण झोपलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवतो. मग माझ्याकडे वळून आपल्या जुन्या बाजारी हिंदीत म्हणाली, “ये मेरा भाई का गाडी.”

व्याहीबुवा, मी खुर्चीतून उठले ते मला आठवतच नाही.

तिनं सगळं सांगितलं. तेल कंपनीच्या वसाहतीत एक अमेरिकन होता, त्यानं ही गाडी जहाजातून आणली आणि तिच्यात ते धूड इंजिन बसवलं. तिचा भाऊ त्याच्या हाताखाली काम करायचा. म्हणजे दोघांनी मिळून बांधली. अमेरिकन परत जाताना गाडी भावाला देऊन गेला. भाऊ तिला घेऊन सखीरच्या वाळूत यायचा. तेव्हा तिथं ट्रॅक नव्हता, कॉलेज नव्हतं, वारा होता नुसता. ही तेव्हा लहान पोर. मुलींनी असल्या गाडीत बसायचं नाही म्हणून वडील ओरडायचे आणि ही रडून घर डोक्यावर घ्यायची. एका सकाळी भावानं हिला उचलून आत बसवलं आणि दारावर हिचं नाव लिहिलं. वडिलांना म्हणाला, “आता गाडी तिचीच आहे, मी नुसता ड्रायव्हर.”

नूरा. ती नूरा होती. वाळूत बोटानं तिनं मला लिहून दाखवलं. पहिल्या अक्षरावर एक ठिपका, शेवटच्यावर दोन, जोडीनं. मला वाटलं मी माझीच रांगोळी बघतेय.

“भाई?” मी विचारलं.

“खलास,” ती म्हणाली. “बहुत साल हुआ. उसका बीवी ने गाडी बेच दिया.” मग दारावरून हात फिरवत म्हणाली, “नाम किधर गया?”

माझी हिंदी त्या क्षणी पार गेली. मी म्हटलं, “मैंने धोया. पूजा के लिए.” मग तिला हसू आलं. दात नव्हते पुढचे, त्यामुळे ते हसू फार लहान मुलीचं वाटलं. “मफी मुश्किल,” म्हणाली, काही हरकत नाही. मुहर्रकचा पत्ता सांगितला, चहाला या म्हणाली. नातू तिला घेऊन गेला.

तुम्ही चहाचे दोन कागदी कप घेऊन आलात. बोटं भाजत होती म्हणून तोंड वाकडं केलं होतंत. विचारलंत, “कोण होतं?”

आणि मी म्हटलं, “कोणी नाही. वॉशरूम कुठे आहे विचारत होती.”

का? मला विचारू नका. विचारा. मला भीती वाटली, व्याहीबुवा. वाटलं, नाव मिळालं की तुम्ही खूश होऊन घरी जाल, दारावर लिहाल, ताडपत्री टाकाल आणि पुढच्या शुक्रवारी मी टीव्हीसमोर बसलेली असेन. सई आता कॉलेजात, मुलगा-सून कामात. मला शुक्रवार हवे होते. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. मग त्याच्या पुढच्या वेळी. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण मी काय केलं! मी म्हटलं, “मला आता वाटतंय, ठिपके चार होते. एक खाली होता.” तुम्ही लगेच वही काढलीत. आपण पुन्हा सगळ्या गॅरेजांतून हिंडलो. तुमचा चेहरा उजळलेला असायचा आणि मी शेजारी बसून तुम्हाला चुकीच्या गल्लीत घालत होते. तरुणपणी मी मूर्ख होते, ते मी मोठ्या चवीनं सांगते. म्हातारपणी कोण होते हे सांगायला जीभ अडखळते.

शेवटच्या वेळी आपण बुदैयाच्या किनाऱ्यावर थांबलो होतो. ओहोटी होती, पाणी इतकं दूर गेलेलं की समुद्र आहे की नुसता उजेड, कळत नव्हतं. तुम्ही म्हणालात, “मरायच्या आत नाव कळलं पाहिजे बघा, विहीणबाई.” अगदी सहज. जिभेवर आलं होतं माझ्या. ‘न’ म्हणायला ओठांची हालचालसुद्धा लागत नाही. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “भूक लागली हो,” आणि डबा उघडलात, आणि मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी.

तुम्ही बुधवारी गेलात.

आता नाव लिहिलंय मी वर. वाचलंत ना? काल तुमच्या पार्किंगमध्ये जाऊन मोठ्यानं वाचूनही दाखवलं, गाडीला ऐकू जाईल असं. वॉचमन बघत होता, बघू दे. आता तरी ओरडा. मुलीचे बाप असाल तर असा. इतक्या वर्षांचं एकदम ओरडा, चिंचेचं आणि त्या चहाच्या कपांचं. मी ऐकून घेईन. मग मला म्हणता येईल की तुमच्या सगळ्या शुक्रवारांवर मी किती जगले. ते सरळ तोंडावर म्हणायला व्याही-विहिणीच्या नात्यात जागाच नव्हती. मान होता, पान होतं, आहेरात शालही होती. आभार मानायची सोय कोणी ठेवली नव्हती.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. सुमनताई तुमच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. वाटलं, निदान ह्यांच्याशी तरी खोटं नको. मी त्यांना सांगितलं: नाव मिळालं होतं, कधीपासून मिळालं होतं, मी दडवलं, का दडवलं. त्या तुमच्या खुर्चीची पाठ पदरानं पुसू लागल्या. मी म्हटलं, आता ह्याही गिळणार तुमच्यासारखं. म्हणून मी घाईनं म्हटलं, “सुमनताई, ते नाव...” त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रागावल्या होत्या, अगदी खऱ्या रागावल्या होत्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या:

“नाव सांगू नका मला. दोघं पहिल्यांदा कुठं गेला होता ते सांगा. मी चपला घालते.”